ट्रिअर : एका प्राचीन धर्मपीठाच्या नगरीची लोकसंख्या

ट्रिअर ही जर्मनीच्या पश्चिम टोकाला, मोझेल नदीच्या काठी वसलेली नगरी. लक्झेंबर्गची सरहद्द येथून अगदी जवळ आहे. जर्मनीतील सर्वांत जुने शहर हा मान सामान्यतः ट्रिअरला दिला जातो आणि तेथील बिशपपीठ हे त्या देशातील सर्वांत प्राचीन धर्मपीठ मानले जाते. आज या शहराची लोकसंख्या एक लाखाहून थोडी अधिक आहे. जर्मन खानेसुमारीच्या परिभाषेत एक लाखाचा टप्पा ओलांडणारे गाव ‘मोठे शहर’ ठरते. त्या हिशेबाने ट्रिअर कसेबसे मोठ्या शहरांच्या पंक्तीत बसते. आपल्याकडे मात्र एवढ्या वस्तीचे गाव तालुक्याचे ठिकाण म्हणूनच ओळखले जाईल.

तरीही या लहानशा नगरीच्या लोकसंख्येचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात ती रोमन सम्राटांची राजधानी होती आणि जुन्या अभ्यासकांच्या मते तेव्हा तेथे ८० हजार ते १ लाख माणसे राहत होती. १६९७ साली त्याच शहरात केवळ २,६७७ रहिवासी मोजले गेले. पुढे एक लाखाचा आकडा पुन्हा गाठायला १९६९ साल उजाडावे लागले. लोकसंख्या म्हणजे सतत वर चढत जाणारी रेषा, अशी आपली आजची समजूत असते. ट्रिअरच्या बाबतीत ती मुळीच लागू पडत नाही. येथे सम्राट आले आणि गेले, राजे आले आणि गेले. त्यांच्यामागून माणसे आली आणि त्यांच्याबरोबरच निघूनही गेली. सर्वांत पडत्या काळात वस्ती तग धरून राहिली, ती प्रामुख्याने कॅथेड्रल आणि मठ यांच्या आधाराने.

आकडे कसे मिळतात?

पुढील मजकुरातील आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. रोमन काळातील जनगणनेचे कागद ट्रिअरबाबत उरलेले नाहीत. तेथे तटबंदीच्या आतील क्षेत्रफळ, घरांचे अवशेष, दफनभूमी, धान्यकोठारे यांवरून अदमास बांधावा लागतो. मध्ययुगासाठी करवसुलीच्या याद्या उपयोगी पडतात. ट्रिअरची १३६३-६४ सालची अशी एक यादी उपलब्ध आहे. परंतु करयाद्यांत कुटुंबप्रमुखाची नोंद असते, मुलाबाळांची नसते. एका चुलीमागे चार माणसे धरावीत की पाच, यावर सारा हिशेब अवलंबून राहतो. शिवाय धर्मगुरू, व्रतस्थ, विद्यार्थी आणि सैनिक हे पुष्कळदा करमुक्त असल्याने यादीबाहेरच राहत, आणि ट्रिअरसारख्या मठांच्या नगरीत ही संख्या नगण्य नव्हती.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या नोंदींचाही त्यात विचार झाला होता. आपल्या वसईतील चर्चच्या कपाटांत ज्या जुन्या वह्या जपून ठेवलेल्या असतात, त्यांचा उगम याच निर्णयात आहे. युरोपातील लोकसंख्येचे अभ्यासक आज याच वह्यांवरून जन्म, विवाह व मृत्यू यांचे वर्षावर्षाचे हिशेब मांडतात. साथीच्या वर्षी मृत्यूची पाने कशी भराभर भरत गेली आणि पुढच्या दोन वर्षांत विधुर-विधवांचे पुनर्विवाह कसे वाढले, हे त्यांतून स्पष्ट दिसते. ट्रिअरमध्ये फ्रेंच राजवटीत, १७९८ पासून, ही नोंदणी मुलकी अधिकाऱ्यांकडे गेली. प्रशियाच्या काळात १८३४ पासून जर्मन जकात संघासाठी दर तीन वर्षांनी शिरगणती होऊ लागली. जकातीचे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जाई, म्हणून प्रत्येक राज्याला आपली माणसे काटेकोरपणे मोजण्यात रस होता.

सम्राटांची नगरी

या परिसरात ट्रेव्हेरी नावाची केल्टिक जमात राहत असे. सम्राट ऑगस्टसच्या काळात, इसवी सनापूर्वी १६ च्या सुमारास, रोमनांनी येथे नगर वसविले आणि त्याला ‘ऑगस्टा ट्रेव्हेरोरुम’ हे नाव दिले. दुसऱ्या शतकात मोझेलवर बांधलेल्या दगडी पुलाचे खांब आजही वाहतुकीचा भार वाहत आहेत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीची तटबंदी उभी राहिली. तिच्या आत सुमारे २८५ हेक्टर जमीन होती. तिचा उत्तरेकडील दरवाजा, ‘पोर्टा निग्रा’ म्हणजे काळा दरवाजा, आज शहराची ओळख बनला आहे. त्याच्या पायाजवळ सापडलेल्या लाकडांच्या अभ्यासावरून त्याचे बांधकाम इ. स. १७० मध्ये सुरू झाले, हे २०१८ साली निश्चित झाले.

२७५ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांनी या प्रदेशाची मोठी नासधूस केली. परंतु त्यानंतर लवकरच सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यव्यवस्थेत ट्रिअरला पश्चिमेकडील राजधानीचे स्थान मिळाले. सम्राट कॉन्स्टंटाइन ३०६ पासून सुमारे दशकभर मुख्यतः येथे राहिला. ६७ मीटर लांबीचे त्याचे दरबारगृह अद्याप उभे आहे. राजधानीबरोबर दरबार आला, फौज आली, टांकसाळ आली, सरकारी कारखाने आले आणि त्यांना पोसण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून धान्याचा सरकारी पुरवठा होऊ लागला. नदीकाठी सुमारे सत्तर मीटर लांबीची दोन प्रचंड धान्यकोठारे बांधण्यात आली. शहर आपल्या आसपासच्या शेतीवर जगत नव्हते, तर साम्राज्याच्या कोषावर जगत होते. पुढे काय घडले याचे बीज येथेच आहे.

८० हजार ते १ लाख हा आकडा याच काळासाठी दिला जातो. अलीकडचे संशोधक तो पुष्कळ खाली आणतात. तटाच्या आतील सारी जमीन घरांनी व्यापलेली नव्हती, तेथे बागा होत्या, मोकळी मैदाने होती, प्रचंड स्नानगृहे होती, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते ग्राह्य वाटते. तथापि आल्प्स पर्वताच्या उत्तरेस त्या काळी याहून मोठे शहर नव्हते, याविषयी फारसे दुमत नाही.

ही लोकवस्ती नानाविध होती. चौथ्या व पाचव्या शतकांतील ख्रिस्ती थडग्यांवरील लेख ट्रिअरमध्ये जितक्या मोठ्या संख्येने सापडले आहेत, तितके त्या भागात इतरत्र कोठेही सापडलेले नाहीत. त्यांत सीरियासारख्या पूर्वेकडील प्रदेशांतून आलेल्या लोकांचे ग्रीक लेखही आहेत. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील थोर नावे या गर्दीत भेटतात. अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस ३३५ ते ३३७ या काळात येथे हद्दपारी भोगत होते. येथील चर्चचे बांधकाम चालू असतानाच भाविक तेथे उपासनेसाठी जमत, याची आठवण त्यांनी पुढे नमूद केली आहे. संत अँब्रोज यांचा जन्म ३४० च्या सुमारास ट्रिअरमध्ये झाला. त्यांचे वडील येथे उच्च अधिकारी होते. संत जेरोम तरुणपणी काही काळ येथे राहिले. कॉन्स्टंटाइनची माता संत हेलेना हिने आपला वाडा चर्चसाठी दिला व प्रभू येशूचा शिवणरहित झगा या नगरीला आणून दिला, अशी परंपरा आहे. कॅथेड्रलच्या खाली १९४५ नंतर झालेल्या उत्खननात एका रोमन प्रासादाच्या छतावरील सुंदर चित्रांचे तुकडे हाती आले. त्या चित्रांतील स्त्रिया नेमक्या कोण, यावर विद्वानांत एकमत नाही. हेलेनेच्या परंपरेचा पूर्ण पुरावा त्यांतून मिळत नसला, तरी कॅथेड्रल एका उच्चकुलीन निवासाच्या जागेवर उभे आहे, हे मात्र निःसंशय.

ओहोटी

चौथ्या शतकाच्या अखेरीस दरबार इटलीत गेला आणि पाचव्या शतकाच्या आरंभी गॉलच्या कारभाराचे मुख्य ठाणे दक्षिणेकडील आर्ल येथे हलले. सरकारी धान्य थांबले. त्यानंतरच्या काही दशकांत फ्रँक टोळ्यांनी ट्रिअर चार वेळा लुटले. या प्रदेशाशी परिचित असलेले धर्मगुरू सॅल्व्हियन यांनी त्या विनाशाचे हृदयद्रावक वर्णन केले आहे. उघड्यावर पडलेली प्रेते त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यांचा संताप मात्र शत्रूंपेक्षा स्वकीयांवर अधिक होता. शहर बेचिराख झाल्यावर उरलेल्या मोजक्या श्रीमंतांनी सम्राटाकडे कशाची मागणी केली, तर सर्कशीच्या खेळांची! सॅल्व्हियन हे कठोर उपदेशक होते, त्यांच्या लिखाणात अतिशयोक्ती असू शकते. पण राजाश्रयावर वाढलेल्या शहराची मनोवृत्ती त्यांनी अचूक टिपली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

यानंतर तटाच्या आत एकसंध शहर उरले नाही. वस्तीची लहान-लहान बेटे उरली. एक कॅथेड्रलभोवती, तर इतर संत मॅक्सिमिन, संत पॉलिन आणि संत युखेरियस (आजचे संत मथायस) यांच्या थडग्यांवर उभ्या राहिलेल्या चर्चभोवती. मधल्या भग्नावशेषांत भाजीचे मळे आणि द्राक्षांचे वेल वाढू लागले. रोमन धान्यकोठारांच्या भिंतींमध्ये सातव्या शतकात व्रतस्थ भगिनींचा मठ वसला. सहाव्या शतकातील बिशप संत निसेटियस यांनी इटलीहून कारागीर आणवून कॅथेड्रलची दुरुस्ती केली. प्रशासन कोसळले असताना दगड रचणारी माणसे शहरात बोलावणारा अधिकारी एकच उरला होता, आणि तो बिशप होता.

८८२ साली, पवित्र आठवड्यात, व्हायकिंग लुटारूंनी शहर जाळले. त्यातून सावरत ९५८ साली आर्चबिशप हेन्री यांनी बाजारचौकात दगडी क्रूस उभारला. आजही तेथे त्याची प्रतिकृती दिसते. तो क्रूस म्हणजे वस्तीचा नवा मध्यबिंदू होय. लोक आता रोमन रस्त्यांच्या चौकटीत नव्हे, तर कॅथेड्रलच्या दाराशी भरणाऱ्या बाजाराभोवती घरे बांधू लागले. पोर्टा निग्रा वाचली तीही याच ओघात. सिमिओन नावाचे ग्रीक संन्यासी तिच्या एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन तपश्चर्या करीत. १०३५ साली त्यांचे निधन झाल्यावर दरवाजाचे रूपांतर चर्चमध्ये करण्यात आले आणि दगड पळविणाऱ्यांचे हात थांबले.

मध्ययुगातील नवी तटबंदी बाराव्या-तेराव्या शतकांत पूर्ण झाली. तिने रोमन शहराच्या निम्म्याहूनही कमी जागा वेढली होती. तिच्या आत दहा हजारांच्या आसपास माणसे असावीत. हजार वर्षांनंतरचे हे भरभराटीचे शिखर!

यादीतून वगळलेले

शहराची लोकसंख्या केवळ साथी व युद्धे यांनीच घटते असे नाही. माणसे घालवून दिल्यानेही ती घटते. या बाबतीत ट्रिअरचा इतिहास ख्रिस्ती वाचकाला अस्वस्थ करणारा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

बाजारचौकालगत यहुदी समाजाची जुनी वस्ती होती. १०९६ साली पहिल्या क्रूसयुद्धाच्या उन्मादात तिच्यावर सक्तीच्या धर्मांतराचे संकट कोसळले. १३४९ साली काळ्या महामारीच्या वेळी विहिरींत विष कालवल्याचा खोटा आरोप ठेवून युरोपभर यहुद्यांच्या कत्तली झाल्या. ट्रिअरची वस्तीही त्यांतून सुटली नाही. १४१८ साली आर्चबिशप ओटो यांनी उरलेल्या यहुद्यांना आपल्या प्रदेशातून हद्दपार केले.

१५५९ साली ट्रिअरचाच सुपुत्र कास्पर ओलेव्हियान याने येथे प्रॉटेस्टंट मतांचा प्रचार सुरू केला. त्याला बराच पाठिंबा मिळू लागताच आर्चबिशपांनी कडक उपाय योजले. ओलेव्हियान कैदेत पडला. वर्षअखेरीस त्याला आणि त्याच्या अनुयायांना शहर सोडावे लागले. शहर कॅथलिक राहिले, पण काही उद्योगी घराणी गमावून.

त्यानंतर १५८१ ते १५९३ या काळात चेटकिणींच्या खटल्यांनी हा प्रदेश होरपळला. लागोपाठच्या नापिकीने गांजलेल्या लोकांना दोषी कोणीतरी हवे होते. केवळ संत मॅक्सिमिन मठाच्या ताब्यातील व आसपासच्या खेड्यांत साडेतीनशेहून अधिक जणांना देहदंड झाला. शहराचा न्यायाधीश आणि विद्यापीठाचा माजी कुलगुरू डिट्रिश फ्लाडे हाही १५८९ साली बळी पडला. या खटल्यांतील छळाने मिळविलेल्या कबुलीजबाबांविरुद्ध पुढे ज्या येशूसंघीय धर्मगुरूने लेखणी उचलली, त्या फ्रिडरिश श्पे यांची समाधीही ट्रिअरमध्येच आहे. १६३१ साली त्यांचा ‘काउटिओ क्रिमिनालिस’ हा ग्रंथ निनावी प्रसिद्ध झाला. १६३५ साली जखमी व साथग्रस्त सैनिकांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि त्यांनी ट्रिअरमध्ये देह ठेवला.

२,६७७

ट्रिअरचे आर्चबिशप हे जर्मन सम्राटाची निवड करणाऱ्या सात मानकऱ्यांपैकी एक होते. त्यामुळे ते धर्माध्यक्ष होते तसेच राजेही होते. सतराव्या शतकात त्यांनी आपले वास्तव्य कोब्लेंझजवळील नव्या राजवाड्यात हलविले. दरबार जाताच सोनार, शिंपी, वकील, नोकरचाकर हेही त्याच वाटेने गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जे सम्राटामुळे घडले, तेच लहान प्रमाणात पुन्हा घडले.

त्यातच तीस वर्षांचे युद्ध (१६१८-१६४८) आले. फ्रेंच आणि स्पॅनिश फौजांनी आळीपाळीने शहर ताब्यात घेतले. त्यानंतर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. १६७३ ते १६७५ या फ्रेंच ताब्याच्या काळात तटाबाहेरील संत मॅक्सिमिन व संत पॉलिन यांची पुरातन चर्चेस जमीनदोस्त करण्यात आली. कारण एकच, शत्रूला आडोसा मिळू नये. पाचव्या शतकापासून ज्या बेटांनी वस्ती सांभाळली होती, तीच अशा रीतीने बुडाली. नऊ वर्षांचे युद्ध संपून १६९७ साली तह झाला, तेव्हा शहरात २,६७७ लोक मोजले गेले. याद्यांतून वगळले जाणारे धर्मगुरू व मठवासी जमेस धरले तरी चित्र फारसे बदलत नाही. एके काळी ज्या अँफिथिएटरमध्ये अठरा हजार प्रेक्षक बसत, ते आता साऱ्या शहरातील लोकांनी भरले असते तरी सहाव्या हिश्श्याहून अधिक भरले नसते.

येथून पुढे चढण लागते. अठराव्या शतकात अधूनमधून फ्रेंच सैन्य येतच होते, तरी घरे पुन्हा उभी राहिली, शेतमजूर व कारागीर बाहेरून आले. संत पॉलिनचे चर्च विख्यात वास्तुशिल्पी बाल्थाझार नॉयमान यांच्या आराखड्यानुसार नव्याने बांधण्यात आले. १८०१ साली लोकसंख्या ८,८२९ भरली. म्हणजे एका शतकात ती तिपटीहून अधिक झाली, पण मध्ययुगातील पातळीला अद्याप पोहोचली नव्हती.

फ्रेंच, प्रशियन आणि यात्रेकरू

फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी १७९४ च्या ऑगस्टमध्ये शहर घेतले. १४७३ मध्ये सुरू झालेले विद्यापीठ १७९८ साली बंद पडले आणि १८०२ साली मठ सरकारजमा झाले. शेकडो वर्षे शहराचा कणा असलेला व्रतस्थांचा वर्ग एका फटक्यात विखुरला. संत मथायस मठात बेनेडिक्टाइन संन्यासी परतले ते थेट १९२२ साली. तेथे प्रेषित मथायस यांची समाधी असल्याचे परंपरा सांगते. १८०४ साली भेटीस आलेल्या नेपोलियनने पोर्टा निग्रामधील चर्च काढून टाकण्याचा हुकूम दिला आणि सिमिओन यांच्या नावाने आठशे वर्षे टिकलेले उपासनास्थळ पुन्हा रोमन दरवाजा बनले.

१८१५ साली ट्रिअर प्रशियाकडे गेले. बर्लिनहून अधिकारी व सैनिक आले आणि त्यांच्याबरोबर प्रॉटेस्टंटांची छोटी वस्तीही आली. कॉन्स्टंटाइनचे दरबारगृह दुरुस्त करून त्यांना चर्च म्हणून देण्यात आले आणि आजही ते त्यांच्याकडेच आहे. यहुदी कुटुंबे त्याआधीच हळूहळू परतली होती. त्यांपैकी एका राब्बी घराण्यातील वकिलाने प्रशियाच्या राज्यात नोकरी टिकविण्यासाठी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. १८१८ साली त्याला मुलगा झाला, तो कार्ल मार्क्स. मार्क्स ज्या शाळेत शिकले, त्याच शाळेत पुढे येशूसंघीय धर्मगुरू ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग (१८९०-१९९१) हेही शिकले. ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या १९३१ सालच्या सामाजिक परिपत्रकाचा मसुदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. श्रम आणि भांडवल यांविषयीच्या दोन परस्परविरोधी विचारधारा एवढ्या लहान गावातून निघाव्यात, हे नवलच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोझेल खोऱ्यातील द्राक्षशेतकरी विपन्नावस्थेत होते. जकात संघामुळे दक्षिण जर्मनीतील द्राक्षासव स्वस्तात बाजारात येऊ लागले होते. आसपासच्या आयफेल व हुन्सरुक या डोंगराळ भागांतून हजारो कुटुंबे अमेरिकेला व ब्राझीलला निघून गेली. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते, त्यांपैकी काही शहरात येऊन राहिले.

या दारिद्र्याच्या काळातच १८४४ साली बिशप अर्नोल्डी यांनी पवित्र झग्याचे दर्शन खुले केले. सात आठवड्यांत पाच लाखांहून अधिक यात्रेकरू आले, बहुतेक सारे पायी आणि होडीने. त्या वेळी शहराची लोकसंख्या वीस हजारही नव्हती. १८९१ साली रेल्वे सुरू झालेली होती, आणि सुमारे १९ लाख भाविक आले. यांदरम्यान प्रशिया सरकारने ख्रिस्तसभेवर कडक निर्बंध लादले होते. १८७४ साली बिशप एबरहार्ड यांना तुरुंगात टाकले गेले आणि १८७६ साली त्यांच्या निधनानंतर १८८१ पर्यंत धर्मपीठ रिक्त राहिले. १८९१ च्या गर्दीमागे ही पार्श्वभूमी होती. शिरगणतीत यात्रेकरूंची नोंद कोठेही नसते. मात्र खाणावळी, धर्मशाळा, मेणबत्त्यांची व पदकांची दुकाने आणि त्यांवर जगणारी कुटुंबे नोंदलेली असतात.

जवळच्या सार खोऱ्यात कोळसा व पोलाद होते. ट्रिअरमध्ये ते नव्हते. त्यामुळे औद्योगिक युगात इतर जर्मन शहरे दहापटींनी फुगली, तशी ही नगरी फुगली नाही. १९०० साली येथे ४३ हजारांहून अधिक लोक होते. १९३९ पर्यंत हा आकडा सुमारे ८८ हजारांवर गेला. त्यात १९१२ व १९३० साली शेजारची गावे शहरात सामील केल्याचाही भाग होता.

युद्ध आणि त्यानंतर

१९३३ साली शहरात सुमारे ८०० यहुदी राहत होते. काही वेळीच परदेशी निघून गेले. १६ ऑक्टोबर १९४१ रोजी लक्झेंबर्ग व ट्रिअर येथील यहुद्यांना घेऊन पहिली आगगाडी पोलंडमधील लोड्झच्या बंदिस्त वस्तीकडे निघाली. १९४३ पर्यंत ही वस्ती नाहीशी झाली. १४१८ ची हद्दपारी आणि ही घटना एकाच रांगेत बसविता येणार नाही, कारण या वेळी लोकांना घालविले ते ठार मारण्यासाठी.

१९४४ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, तीन मोठ्या हवाई हल्ल्यांनी शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. बहुसंख्य नागरिकांना तोवर अन्यत्र हलविण्यात आले होते. मार्च १९४५ च्या आरंभी अमेरिकन सैन्य शिरले, तेव्हा रस्ते जवळजवळ निर्मनुष्य होते. युद्धात शहराने आपली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकसंख्या गमावली आणि १९४५ साली ती सुमारे ५७ हजारांवर आली. यांतील पुष्कळ जण मृत नव्हते तर परागंदा होते. ढिगारे उपसले जाऊ लागले तसे ते परतू लागले.

युद्धोत्तर काळात फ्रान्सने येथे मोठी छावणी ठेवली. सैनिक, त्यांची कुटुंबे, शाळा, दुकाने असे एक शहरात शहर होते. पण जर्मन आकडेवारीत ते धरले जात नसे. ही छावणी १९९९ साली कायमची उठली. पेट्रिसबर्ग टेकडीवरील रिकाम्या बराकींच्या जागी २००४ साली उद्यान-प्रदर्शन भरविण्यात आले व पुढे तेथे नवी निवासी वसाहत झाली.

एक लाखाचा टप्पा ७ जून १९६९ रोजी ओलांडला गेला, तोही कागदावर. एरांग-फाल्झेल, रुव्हर, टारफोर्स्ट, इर्श, झेव्हेन आदी गावे त्या दिवशी शहरात विलीन करण्यात आली. एकही पाळणा न हलता लोकसंख्या १ लाख ३ हजारांच्या घरात गेली! शहराचे क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस किलोमीटर झाले. त्यात द्राक्षमळे व जंगलेही आली. रोमन शहराशी आजच्या आकड्याची तुलना करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. तटाच्या आतील जुन्या भागात आज राहणाऱ्यांची संख्या या आकड्याचा एक अंश आहे.

१९७० साली विद्यापीठ पुन्हा सुरू झाले आणि दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांमुळे शहर तरुण राहिले. तरीही जन्मदर घसरला आणि २००० च्या सुमारास लोकसंख्या एक लाखाच्या किंचित खाली गेली. नंतरच्या वाढीचे एक कारण लक्झेंबर्ग हे आहे. तेथील पगार मोठे आणि घरे महाग. म्हणून काम तिकडे व बिऱ्हाड ट्रिअरमध्ये, असे करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यामुळे ट्रिअरमधील भाडीही वाढली आहेत आणि स्थानिक नोकरदारांची त्याबद्दल तक्रार असते.

कॅथलिकांचे प्रमाण मात्र उतरते आहे. पवित्र झग्याच्या दर्शनाला १९३३ साली वीस लाखांहून अधिक भाविक आले होते. १९९६ साली सुमारे सात लाख, तर २०१२ च्या एप्रिल-मे महिन्यांत सुमारे साडेपाच लाख आले. ट्रिअर धर्मप्रांताने २०१३ ते २०१६ या काळात धर्मप्रांतीय सिनड भरविला आणि त्यानंतर ८८७ धर्मग्रामांचे रूपांतर अवघ्या ३५ विशाल धर्मग्रामांत करण्याची योजना आखली. धर्मगुरू व प्रापंचिक यांच्यापैकी काहींनी रोमकडे दाद मागितली. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॅटिकनने अंमलबजावणी थांबविली. सुधारित योजनेत ३५ ‘पास्टोरल क्षेत्रे’ निर्माण करण्यात आली असून, त्यांच्या अंतर्गत धर्मग्रामांना टप्प्याटप्प्याने एकत्र येण्याची मुभा ठेवण्यात आली आहे.